वाचनालयात या महिन्यात काय आहे?

(सामुदायिक रेडिओवर प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

मी नवीन पनवेलहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आदई, विचुंबे, देवद, सुकापूर, नेरे या बाजूच्या गटांच्या बैठकांना माझं सतत जाणं-येणं असतं. आज मी बचत, कर्ज किंवा हप्ता यांबद्दल काही सांगणार नाही. आज बोलायचंय ते आपल्या मासिक पत्रकातल्या एका पानाबद्दल. त्या पानाचं नाव आहे "वाचनालयात या महिन्यात". हे पान कसं तयार करायचं, ते एवढं जपून का करायचं, आणि तुमच्या गटाला ते कसं करता येईल, ते सांगते.

आधी वाचनालयाबद्दल थोडं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं गावातल्या लोकांनी स्थापन केलेल्या संस्था चालवतात आणि सरकार त्यांना दरवर्षी अनुदान देतं. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग असतात. राज्यात अशी अकरा-बारा हजार वाचनालयं आहेत. आपल्या कोकणात ही परंपरा फार जुनी आहे, रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. आपल्या पनवेल गावात के. गो. लिमये सार्वजनिक वाचनालय आहे. गावोगावी एका खोलीतलीही वाचनालयं आहेत. अनुदान म्हणजे तुमच्या-माझ्या कराचा पैसा. म्हणून त्या दाराशी उभं राहताना "आपल्याला आत घेतील का?" असं मनात आणायचं कारण नाही.

पण दार उघडं असणं वेगळं आणि ते उघडं आहे हे आपल्याला कळणं वेगळं.

आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी पोलीस भरतीचा अभ्यास करते. घर दोन खोल्यांचं, घरात आजारी सासरे, धाकटी भावंडं, टीव्ही. अभ्यासाला कोपरा नाही. म्हणून ती महिन्याला पैसे भरून खासगी अभ्यासिकेत बसायची. आईने त्यासाठी गटातून कर्ज काढलं होतं. वर्षभराने कळलं की त्याच रस्त्यावर, चालत पाच मिनिटांवर, एका सार्वजनिक वाचनालयाची अभ्यासिका आहे आणि तिची वर्गणी निम्म्याहून कमी. मी तिथे जाऊन विचारलं, "तुम्ही हे लोकांना सांगत का नाही?" ते म्हणाले, "सांगतो की! फलक लावलाय." फलक खरंच होता. वाचनालयाच्या आत, टेबलाच्या मागच्या भिंतीवर. म्हणजे जी आत येईल तिलाच तो दिसणार.

आपलं पान आहे ते या भिंतीसाठी. आतला फलक बाहेर आणायचा, तुमच्या बैठकीपर्यंत.

आता कार्यक्रमांकडे येऊ. वाचनालयात वर्षभर काही ना काही चालू असतं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, तो मराठी भाषा गौरव दिन. ८ मार्चला महिला दिन. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. मे महिन्यात मुलांसाठी गोष्टी आणि शिबिरं. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन, कारण भारतात ग्रंथालयाचं शास्त्र रुजवणाऱ्या डॉ. रंगनाथन यांचा तो जन्मदिवस. १५ ऑक्टोबरला अब्दुल कलामांच्या जन्मदिवशी वाचन प्रेरणा दिन. १४ ते २० नोव्हेंबर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह. आणि दिवाळीत दिवाळी अंक. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपली दिवाळी फराळाबरोबर अंकांचीही झाली. बरीच वाचनालयं थोडी वर्गणी घेऊन दोन-तीन महिने एकामागून एक अंक वाचायला देतात.

ही यादी एका कागदावर लिहून गटाच्या फाईलला लावून ठेवा. वाचनालयात जाऊन "काही आहे का हो?" असं मोघम विचारलं, तर "अजून काही नाही" असं मोघम उत्तर मिळतं. "ग्रंथालय सप्ताहात बायकांसाठी काय करताय?" असं विचारलं की समोरच्याला विचार करावा लागतो.

आता खरा प्रश्न. वाचनालयं कार्यक्रम करतात, पत्रिका छापतात, फोनवर पाठवतात. तरी आपल्या बायका का जात नाहीत? मी अशा बऱ्याच पत्रिका जमवल्या आणि समोर ठेवून वाचल्या. त्या साधारण अशा असतात. "सस्नेह निमंत्रण. वाचनालयाच्या वतीने अमुक मान्यवरांच्या शुभहस्ते, तमुक मान्यवरांच्या अध्यक्षतेखाली, अमुक मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत व्याख्यान आयोजित करण्यात आले आहे. तरी बहुसंख्येने उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी, ही विनंती." खाली बारीक अक्षरात तारीख आणि "सायं. ६ वाजता".

यात कोण आहे? उद्घाटक आहेत, अध्यक्ष आहेत, पाहुणे आहेत. आपण कुठे आहोत? आपण शोभा वाढवायला. व्याख्यान कशावर आहे ते एका ओळीत, तेही अवघड शब्दांत. आणि संध्याकाळी सहा वाजता म्हणजे नळाला पाणी येण्याची, भाकरी थापायची आणि मुलं घरी येण्याची वेळ. नेऱ्याच्या पुढे राहणाऱ्या बाईला कार्यक्रम संपल्यावर गाडी मिळेल का, याचा पत्ताच नाही. मग ती पत्रिका वाचते, घडी घालते आणि डब्याखाली ठेवते.

पुढे काय होतं ते ऐका. बायका आल्या नाहीत की वाचनालयाच्या वहीत लिहिलं जातं, "महिलांचा अल्प प्रतिसाद". पुढच्या वर्षी बायकांसाठीचा कार्यक्रमच रद्द होतो. आपण आलो नाही हे वहीत येतं. आपल्याला नीट सांगितलं नव्हतं, हे मात्र कुठल्याच वहीत येत नाही.

आपल्याच जिल्ह्यातली एक मोठी गोष्ट आठवते. महाडचं चवदार तळं सार्वजनिक होतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली केला होता आणि महाडच्या नगरपालिकेनेही तो मान्य केला होता. कागदावर तळं खुलं होतं. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तिथे चालत गेले, तेव्हा कुठे ते पाणी ओंजळीत आलं. त्या लढ्याची आणि आपल्या या छोट्याशा कामाची बरोबरी मी मुळीच करत नाही. पण "सार्वजनिक" या शब्दाबद्दलचा धडा तिथलाच आहे. नुसतं कागदावर खुलं असून भागत नाही, माणसाचं पाऊल तिथे पडावं लागतं.

तर आता पान कसं लिहायचं. मी सात प्रश्न ठरवले आहेत. एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याची दोन, एवढे लक्षात ठेवायचे.

पहिला, काय आहे? साध्या भाषेत. "आहार व आरोग्य : एक चिंतन" असं नको. "अंगात रक्त कमी असेल तर काय खायचं, डॉक्टरबाई सांगतील" असं लिहा.

दुसरा, कोणासाठी? "सर्वांसाठी" असं लिहिलं की बायकांना वाटतं, आपल्यासाठी नाही. "वाचता येत नसलं तरी या, ऐकायचा कार्यक्रम आहे" हे एक वाक्य लिहा. आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त ऐकू येणारी सबब हीच असते, "आम्हाला कुठे वाचता येतं?"

तिसरा, कधी सुरू आणि कधी संपणार? संपण्याची वेळ पत्रिकेत कधीच नसते. बाईला मात्र तीच आधी लागते. घरी परत किती वाजता, हे सांगता आलं तरच तिला घरातून निघता येतं. वार, तारीख आणि वेळ, तिन्ही लिहा. "येत्या शनिवारी" किंवा "उद्या" असं पत्रकात कधीच लिहू नका, कारण कोणती बाई ते कोणत्या दिवशी वाचेल हे आपल्या हातात नाही. आणि वार-तारीख कॅलेंडरवर बोट ठेवून जुळवून बघा.

चौथा, कुठे? नुसता सेक्टर आणि प्लॉट नंबर देऊन आपल्या बायकांना कळत नाही. नवीन पनवेलला तर एक सेक्टर दुसऱ्यासारखाच दिसतो. खूण सांगा. स्टेशनच्या कुठल्या बाजूला, कुठल्या शाळेसमोर, शेअर रिक्षाला काय नाव सांगायचं. जुनं पनवेल की नवीन, हे आधी लिहा. रेल्वेच्या एका बाजूला जायचं असताना दुसऱ्या बाजूला उतरलं, तर अर्धा कार्यक्रम जिने चढण्यात जातो.

पाचवा, पैसे लागतात का? सभासद असावं लागतं का? काही लागत नसेल तर "पैसे नाहीत, सभासद नसलात तरी या" असं स्पष्ट लिहा. गप्प बसलं की बाई गृहीत धरते की पैसे लागणार.

सहावा, लहान मूल आणलं तर चालेल का? जिना आहे का? बाथरूम आहे का? हे विचारताना पहिल्यांदा संकोच वाटतो. पण विचाराच. गुडघे दुखणारी आजी जिन्याला घाबरते आणि दीड तास बसायचं असेल तर बाथरूम नसलेल्या जागी बाई जात नाही. ती कारण सांगत नाही, फक्त येत नाही.

सातवा, विचारायचं कोणाला? वाचनालयाचा फोन आणि उघडण्याची वेळ. कोणा ताईचा स्वतःचा नंबर छापायचा असेल तर आधी तिला विचारा. न विचारता कोणाचाही नंबर पत्रकात घालायचा नाही.

या सात प्रश्नांची उत्तरं घातली की मघाची पत्रिका कशी होते, ते एक नमुना म्हणून वाचून दाखवते.

"शनिवार, १४ तारीख. दुपारी २ वाजता सुरू, साडेतीनला संपणार. अंगात रक्त कमी असेल तर घरातलंच काय खायचं, हे डॉक्टरबाई सांगतील. तुम्हाला प्रश्न विचारता येतील. वाचता येत नसलं तरी या. पैसे नाहीत, सभासद नसलात तरी चालेल. लेकरू आणलं तर चालेल. जागा जुन्या पनवेलमध्ये, एसटी स्टँडवरून चालत दहा मिनिटं. खोली तळमजल्यावर आहे, बाथरूम आहे. विचारायचं असेल तर वाचनालयात सकाळी फोन करा."

झालं. अध्यक्षांचं नाव नाही, शुभहस्ते नाही. मान्यवरांचा अपमान करायचा नाही. त्यांची नावं वाचनालयाच्या पत्रिकेत असतातच. आपल्या पानावर जागा थोडी आहे आणि ती येणाऱ्या बाईसाठी आहे.

आता महिन्याचं वेळापत्रक. आपलं पत्रक १ तारखेला गटांकडे जातं, म्हणून २० तारखेला छपाईला द्यावं लागतं. मी १२ तारखेच्या आसपास वाचनालयात जाते. फोनपेक्षा जाणं बरं. गावच्या वाचनालयात बहुतेक वेळा एकच ग्रंथपाल असतात, पुस्तकं द्यायची, नोंदी करायच्या, झाडायचंसुद्धा त्यांनीच. मानधन तुटपुंजं. त्यांना आपलं काम ओझं वाटू नये. मी सात प्रश्नांचा कागद घेऊन जाते, समोर बसून मीच भरते आणि त्यांना वाचून दाखवते. १८ तारखेला पुन्हा एक फोन, "ठरलेलं तसंच आहे ना?" वक्ता अजून ठरला नसेल तर वक्त्याचं नाव घालायचं नाही, विषय घालायचा. दिवसच ठरला नसेल तर तो कार्यक्रम या महिन्याच्या पानावर घ्यायचा नाही. अंदाजाने छापलेली तारीख फार महाग पडते. एकदा दोन गाड्या बदलून आलेल्या बाईला कुलूप दिसलं, की ती पुन्हा येत नाही, आणि शेजारणीलाही येऊ देत नाही.

छापल्यावर कार्यक्रम बदलला तर? त्यासाठी प्रत्येक गटातल्या एकीचं नाव आधी ठरवून ठेवायचं. तिला निरोप गेला की तो वाडीत फिरवणं तिचं काम. व्हॉट्सॲपवर रंगीत पोस्टर पाठवू नका. छोट्या फोनवर त्यातली अक्षरं दिसत नाहीत. त्यापेक्षा आपल्या आवाजात एक मिनिटाचा निरोप पाठवा, आणि त्यात वार आणि वेळ दोनदा सांगा.

पानाची वरची अर्धी जागा कार्यक्रमांना देऊ नका. तिथे रोज मिळणाऱ्या गोष्टी लिहा. वाचनालय कधी उघडतं, सुट्टीचा वार कोणता, अनामत किती, महिन्याची वर्गणी किती, अभ्यासिका आहे का, मुलांची पुस्तकं आहेत का, बसून फुकट वर्तमानपत्र वाचता येतं का. कार्यक्रम एका दुपारचा असतो. अभ्यासिका वर्षभर असते. ही माहिती दर महिन्याला तीच असली तरी छापा. त्या भरती करणाऱ्या मुलीला व्याख्यान नको होतं, तिला ही एक ओळ हवी होती.

पान तयार झालं की छापण्याआधी एक परीक्षा घ्या. गटातल्या, वाचता न येणाऱ्या एका काकींना ते मोठ्याने वाचून दाखवा आणि म्हणा, "काकी, आता तुम्ही मला सांगा, कुठे जायचंय, कधी जायचंय?" त्यांना जे सांगता आलं नाही, ते आपलं लिहिणं चुकलं, त्यांचं ऐकणं नव्हे. तेवढं वाक्य बदला. आमच्याकडच्या एका काकींनी "सायंकाळी" या शब्दावर मला विचारलं होतं, "म्हणजे दिवे लागायच्या आधी की नंतर?" तेव्हापासून आम्ही नुसतं "सायंकाळी" लिहीत नाही, आकडा लिहितो.

आणि आता या कामाचा दुसरा भाग. हा कोणी करत नाही, पण फायदा यातच आहे. कार्यक्रम झाला की पुढच्या बैठकीत विचारा, कोण गेल्या होत्या? ज्या गेल्या नाहीत, त्या का नाही? चार ओळी लिहा आणि वाचनालयात नेऊन द्या. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. आम्ही एका वाचनालयाला असं कळवलं की सहाची वेळ आमच्या बायकांना कधीच जमणार नाही, दुपारी दोनची जमेल. लावणीच्या दिवसांत काहीच नको, कापणी-झोडणी चालू असताना नको. वाचन प्रेरणा दिन नेमका भातकापणीत येतो, तर बायकांसाठीचा कार्यक्रम दिवाळीनंतर ग्रंथालय सप्ताहात ठेवा. तिथले ग्रंथपाल म्हणाले, "ताई, हे आम्हाला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं." पुढचा कार्यक्रम त्यांनी दुपारी ठेवला. पहिल्या वेळी आमच्या चौघीजणी गेल्या होत्या, त्या वेळी एकोणीस. वक्ता साधाच होता, विषयही साधाच. बदलली होती फक्त वेळ आणि सांगण्याची रीत.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला एक असा की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. आणखी एक असा की वाचकाचा वेळ वाचवा. मला वाटतं, आपलं हे पान दुसऱ्या नियमाचंच काम करतं. दिवसभर राबणाऱ्या बाईकडे वेळच तर नसतो. तिला चार ठिकाणी विचारत फिरायला लावलं, तर ती फिरणार नाही.

शेवटी तुमच्या गटाने काय करायचं ते सांगते. पुढच्या बैठकीत दोघींची निवड करा. एक लिहिणारी, एक विचारणारी. लिहिणारी दहावी-बारावी झालेली सून किंवा मुलगी असली तरी उत्तम. विचारणारी मात्र अशी निवडा, जी बँकेच्या साहेबांसमोरही गप्प बसत नाही. प्रत्येक गटात अशी एक असतेच, तुमच्या डोळ्यांसमोर आत्ता तिचा चेहरा आला असेल. दोघींनी या महिन्यात जवळच्या एका वाचनालयात जायचं. एकाच, जास्त नको. उघडण्याची वेळ, सुट्टीचा वार, वर्गणी, अभ्यासिका आणि येणारा एक कार्यक्रम, एवढंच लिहून आणायचं. पत्रक नसेल तर वहीच्या पानावर लिहा आणि अंगणवाडीच्या, रेशन दुकानाच्या भिंतीवर चिकटवा. पण भिंत बाहेरची असू द्या. आणि बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर, उठायच्या आधी, ते एकदा मोठ्याने वाचा.

तुम्ही आणलेली माहिती आमच्याकडे २० तारखेच्या आत पोचली, तर ती पत्रकातही येईल आणि या रेडिओवरूनही वाचली जाईल, तुमच्या गटाच्या नावासह. ऐकत राहा.